गाळलेलं प्रकरण

९ फेब्रुवारी

चि. बोरू,

खूप आशीर्वाद. तुझा सिनेमा एकदाचा आमच्या टॉकीजला लागला. काल दुपारी दुकान बंद ठेवून मी आणि बटण बघून आलो. भर दुपारी दुकानाला कुलूप दिसल्यावर शेजारच्या घड्याळवाल्याने विचारलं, कोणी गेलं का म्हणून. म्हटलं, गेलं नाही, भाचा आलाय, पडद्यावर. पटकथा म्हणून तुझं नाव झळकलं तेव्हा मी बटणला कोपराने ढोसलं. ती म्हणाली, "दिसतंय गं. भिंतीएवढं लिहिलंय."

ती कादंबरी तुला मी वाचायला दिली होती आणि मला बटणने. आम्ही शिवणाचं दुकान काढलं तेव्हा लोक म्हणायचे, गोरीने बेतायचं आणि खाणीवरच्या काळीने शिवायचं, हे किती टिकणार? तिच्या पणजोबांना बोटीत घालून खाणीत खणायला आणलं. खाण बंद पडली, माणसं खाणीच्या लाइनींत, कामगारांच्या त्या बैठ्या खोल्यांत, राहिली, आणि इतक्या पिढ्यांनंतरही गावाला ती पाहुणीच वाटतात. त्या दिवसांत बटणने हे पुस्तक काउंटरवर आपटलं होतं. "वाच. यातही एक गोरी, एक काळी आहे. आपलं पुढे काय होणार ते आधीच कळेल." मी कात्री चालवायची, ती काजं करता करता मोठ्याने वाचायची. आम्हाला कात्री आणि बटण ही नावं पडली ती तेव्हापासून.

सिनेमा चांगला झालाय. मी रडले. स्टेशनमास्तरची गोरी मुलगी आणि कोळसेवाल्याची काळी मुलगी हात धरून रुळांवरून चालतात, ते तर पुस्तकापेक्षा सुंदर. पण शेवटाचं काय केलंस? पुस्तकात दंगल पेटते, कोळसेवाल्याची मुलगी मैत्रिणीचं दार वाजवते आणि स्टेशनमास्तरची मुलगी आत कडीवर हात ठेवून उभी राहते. उघडत नाही. तू दार उघडलंस. ती उंबऱ्यात उभी राहते, जमावाकडे नुसती बघते आणि जमाव मान खाली घालून परत फिरतो. असा जमाव तू कुठे पाहिलास रे?

आणखी एक. पुस्तकात काळी मुलगी स्वतःचे फ्रॉक स्वतः शिवते, मैत्रिणीलाही शिवून देते. सिनेमात तिच्या अंगावर सगळे मैत्रिणीचे उतरलेले. शिवणारी आत्या असून तुला हे सुचावं?

टॉकीज टाळ्यांनी दणाणलं. बटण मात्र मांडीवर हात ठेवून बसली होती. बाहेर पडताना औषधवाल्याच्या बायकोने तिला गच्च मिठी मारली. डोळे पुसत म्हणाली, "किती सोसलंत हो तुम्ही लोकांनी." आज सकाळी त्याच बाईंचा निरोप आला, की लेकीच्या लग्नाच्या ड्रेसची मापं कात्रीबाईंनीच घ्यावीत, बटणबाईंनी नको. आम्ही दोघी हसलो. म्हटलं, सिनेमाचा असर फार लवकर उतरला.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र वाचून आधी फुगलो, मग चिडलो. फ्रॉकचं मात्र खरं आहे. वेशभूषाकारांनी कपाट भरून आणलं, मी कथेत बुडालेलो, लक्षच गेलं नाही.

शेवटाबद्दल ऐक. पुस्तकातला शेवट आम्ही चित्रित केला होता. ती कडीवर हात ठेवून उभी, बाहेर दार वाजतंय, आणि मग वाजायचं थांबतं. पहिल्यांदा आपल्याच माणसांना दाखवला तेव्हा दिवे लागल्यावर कोणी कोणाकडे बघेना. निर्माता म्हणाला, "लोक तिकीट काढून स्वतःची लाज बघायला येत नाहीत." मी भांडलो. मग दिग्दर्शिका म्हणाली, माणसाने पडद्यावर दार उघडताना पाहिलं तर उद्या तोही घरचं दार उघडेल. ते मला पटलं. अजूनही पटतं.

दार उघडल्यावर ते पुढचं प्रकरण आपोआप गळलं. तेच, ज्यात काळी मुलगी स्वतः बोलते, बंद दारापासून निघून दिवसभर धाकट्या भावाला घेऊन रुळांच्या कडेने चालत राहते. दार उघडलं तर ती चालणार कशाला? शिवाय एक मुलगी नुसती चालतेय, हे लोक पडद्यावर किती वेळ बघणार?

आता चांगली बातमी. सरकारच्या सलोखा खात्याने आपला सिनेमा निवडलाय. जिथे जिथे दोन्ही रंगांची माणसं एकत्र राहतात, त्या गावांत तो फुकट दाखवणार आहेत. खात्याच्या साहेबांनी स्वतः हात हातात घेऊन सांगितलं, की असं काम शंभर भाषणांनी होत नाही. काही गावांना मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे.

बटणमावशीला सिनेमा कसा वाटला ते तू लिहिलंच नाहीस.

तुझा बोरू


६ मार्च

चि. बोरू,

आशीर्वाद. बटणला विचारलं. आधी म्हणाली, छान आहे. मी म्हटलं, छान काय, नीट सांग, पोरगा वाट बघतोय. तिने पायडल थांबवलं.

"तुझ्या भाच्याच्या सिनेमात मी दार वाजवते. नंतर काय करते?"

"आत येतेस."

"आणि?"

"आणि काय? वाचतेस."

"तेच म्हणते. दार उघडल्यावर त्या पोरीच्या तोंडी एक वाक्य नाही. मिठी मारते आणि रडते. पुस्तकात दार बंद राहतं, पण तिला अख्खं प्रकरण मिळतं. भाऊ पाणी मागतो, चपलेचा अंगठा तुटतो, चुलीवर काय ठेवून आलो ते आठवतं. मैत्रीण तिला दिवसभरात एकदा आठवते, तीही त्या चपलेवरून. मी ते पान वाचायचे तेव्हा तू काय म्हणायचीस, सांग बरं."

मला आठवेना. ती म्हणाली, "तू म्हणायचीस, हे पान लांबलंय, पुढे वाच."

मग तिने पायडल मारायला सुरुवात केली. तेव्हा तुझ्यावर एकट्यावर राग धरू नये म्हणते.

इकडचं म्हणशील तर, लाइनींच्या खालची जमीन खचतेय असं निघालंय. खाणीचे जुने बोगदे आहेत ना. मोजणीवाले आले, दारादारावर चुन्याने गोल काढून गेले. बटणच्या दारावरही आहे. लाइनीच्या टोकाला आपल्यातल्या बेकरीवाल्याचं घर आहे, बोगदा त्याच्याही खालून जातो, पण त्याच्या दारावर गोल नाही. मी मोजणीवाल्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "बाई, त्यांचं घर हलकं आहे." बेकरीची भट्टी हलकी. लोक काय वाटेल ते बोलतात.

बटण मधेच म्हणाली, तुझ्या माडीवरची मागची खोली रिकामी आहे का? आईला थोडे दिवस ठेवलं असतं. तिची आई आता धरल्याशिवाय उठत नाही. मी म्हटलं, अगं, खोली ताग्यांनी छतापर्यंत भरलीय, लग्नाची गिऱ्हाइकं संपली की मोकळी करते. तीही बरं म्हणाली. आणि जमीन काय लगेच खचतेय थोडीच.

आमच्या पाटीवरचं तिचं नाव कोणीतरी डांबराने पुसलंय. पेंटरला सांगितलंय, पण तो येतो येतो म्हणतो आणि येत नाही.

तुझी आत्या


१९ मार्च

ती. आत्या,

हे पत्र वाचून झाल्यावर बाजूला ठेवू नकोस. लगेच बटणमावशीला दाखव.

खात्याच्या गाडीतून मी तीन गावं फिरलो. सगळीकडे तेच. मैदानात पडदा, पुढच्या खुर्च्या खाणीवरच्या, गोदीवरच्या, गिरणीच्या काळ्या लोकांसाठी राखलेल्या, हातात सरबत, साहेबांचं भाषण. शेवटाला दार उघडतं तेव्हा दोन्हीकडचे लोक रडतात. मलाही भरून यायचं. गिरणीच्या गावात एका म्हाताऱ्याने माझा हात डोळ्यांना लावला.

त्या गावात माझा चष्मा राहिला होता. परवा मी एकटाच बसने आणायला गेलो. गिरणीमागची वस्ती रिकामी होती. दोऱ्यांवर कपडे तसेच वाळत. दारांवर चुन्याचे गोल. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं, ही माणसं कुठे गेली. म्हणाला, "सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी हलवली. त्यांच्याच भल्यासाठी. भिंती पडायला आल्या होत्या ना." मी म्हटलं, कुठे हलवली? त्याने पेला विसळून पालथा घातला. भिंतींना हात लावून पाहिला. चांगल्या मजबूत होत्या.

साहेबांना गाठलं. ते म्हणाले, "कोणी आरडाओरडा केला का? दगड उचलला का? तुमच्या सिनेमाची ताकद आहे ही. लोकांना वाटतं, इथली माणसं चांगली आहेत, वाईट काही होणार नाही." ते माझं कौतुक करत होते, आत्या.

तुमच्या गावाचं नाव पुढच्या दौऱ्यात आहे. बटणमावशीला आणि तिच्या आईला माझ्याकडे पाठव. पहिल्या बसने. घर लहान आहे, पण आहे.

बोरू


२ एप्रिल

चि. बोरू,

आशीर्वाद. तुझं पत्र फार उशिरा पोचलं आणि पाकिटाला कोणीतरी दुसऱ्यांदा खळ लावलीय असं वाटलं. पोस्टमन म्हणाला, दमट हवेने होतं.

तू घाबरलायस, कळतं. पण गाव माझं आहे. इथे मी प्रत्येकाची छाती-कंबर मापलीय, कोण किती पाण्यात आहे ते मला माहीत आहे. हे लोक कुचकट आहेत, भित्रे आहेत, पण कोणाला घरातून ओढून काढतील असे नाहीत. तुझ्या त्या गिरणीच्या गावात कोणी कोणाला ओळखत नसेल.

तरी पत्र बटणला वाचून दाखवलं. ती काजं करता करता ऐकत होती. म्हणाली, "बोरूला म्हणावं, पोरा, तू छान लिहितोस." मी म्हटलं, जातेस का त्याच्याकडे? ती म्हणाली, आईला बसमध्ये कोण चढवणार, आणि ती मुलखाची हट्टी. मग म्हणाली, "खोलीचं काय झालं?"

खोली अजून तशीच आहे, बोरू. औषधवाल्यांच्या लेकीच्या लग्नाचा सगळा माल तिथेच पडलाय, ड्रेस अर्धा टाचलेला. मी तिला म्हटलं, खोली कशाला, वेळ आली तर अख्खं दुकान तुझं आहे. दार वाजव, मी उघडीन. वाजवायचीही गरज नाही, मी दारातच बसेन. ती हसली आणि म्हणाली, "माहीत आहे."

सिनेमाचा फुकट खेळ पुढच्या आठवड्यात टॉकीजमध्येच आहे, दुपारचा. गावभर कागद लागलेत. लाइनींतल्या सगळ्यांना पुढच्या रांगा. घरोघरी जाऊन आमंत्रण देताहेत, तेही किती गोड बोलून. बटण म्हणाली, मी एकदा पाहिलाय.

काळजी करू नकोस.

तुझी आत्या


१५ एप्रिल

ती. आत्या,

आठवडा उलटला. तुझं पत्र नाही. तुमच्या पोस्टात फोन लावला तर ऑपरेटर म्हणते, त्या गावची लाइन बंद आहे. मी निघालो होतो, अलीकडच्या नाक्यावर बस अडवली, जमीन खचल्यामुळे रस्ता बंद आहे म्हणाले. समोरून रिकामे ट्रक येत होते. ते कोणत्या रस्त्याने आले, असं विचारलं तर मला खाली उतरवलं.

दोन ओळी लिही. तुमच्या घड्याळवाल्याचा भाऊ इथे राहतो, त्याला नाक्यावरून आत सोडतात; हे पत्र मी त्याच्या हाती देतोय.

बोरू


२८ एप्रिल

चि. बोरू,

मी ठीक आहे. 

खेळाच्या दिवशी मी दुकान उघडं ठेवलं. दाराची दोन्ही कवाडं भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यात स्टूल टाकून बसले. बाजार सामसूम होता, सगळे टॉकीजमध्ये. सकाळी बटण आली नव्हती. मला वाटलं, आईला आणायला थांबली असेल. मोठ्या रस्त्याकडे डोळे लावून बसले. लाइनींकडून यायचं तर तिकडूनच येणार.

ट्रक आले ते मी पाहिले. ते टॉकीजच्या मागच्या गल्लीत लागले. सिनेमाचा आवाज आमच्यापर्यंत येतो. तुझं शेवटचं संगीत सुरू झालं, टाळ्या झाल्या, मग दारं उघडली. पुढच्या रांगांना पडद्याजवळच्या दाराने त्या गल्लीत काढलं. आपल्या लोकांना रस्त्यावरच्या दाराने. मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. पोलीस होते, पण त्यांना काही करावं लागलं नाही. सलोखा खात्याची माणसं हात देऊन म्हाताऱ्यांना ट्रकवर चढवत होती. "तात्पुरतं आहे, आजी. सामान मागून येतंय, आजी." काहींच्या डोळ्यांत सिनेमाचं पाणी तसंच होतं. एका बाईने माझ्याकडे बघून हात हलवला, गावाला चालल्यासारखा. तिच्या पोराचा शाळेचा शर्ट मी बेतलेला.

मी चेहरे शोधत राहिले. बटण नव्हती. धावत दुकानात आले, की मागून पोचली असेल. आत कोणी नव्हतं.

मग औषधवाला आला. घड्याळवाला, पेंटर, आणखी दोघंतिघं. हातात काठ्या नाहीत, काही नाही. औषधवाला म्हणाला, "कात्रीबाई, आत दुसरी मशीन आहे ती त्यांची ना? त्यांचं सामान एकत्र करायचं ठरलंय." मी उठले आणि दारात आडवी उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले. त्यांच्याकडे एकेकाकडे बघितलं, बोरू. तुझ्या त्या स्टेशनमास्तरच्या मुलीसारखं. मला खरंच वाटत होतं, की ते मान खाली घालतील.

त्यांनी मला ढकललं नाही. औषधवाल्याने दंडाला धरून मला हळूच बाजूला घेतलं, स्टुलावर बसवलं. घड्याळवाल्याने माठातलं पाणी आणून दिलं. "उन्हात उभ्या राहू नका, रक्तदाब वाढेल." पेंटर मशीन उचलताना म्हणाला, भिंतीला घासू देऊ नका रे. मी पाणी प्यायले. तहान लागली होती.

संध्याकाळी लाइनींत गेले. बटणचं घर उघडंच होतं. चूल थंड, अंथरुणं घडी घातलेली. ट्रकवर नव्हती, घरात नव्हती. माझ्याकडे आली नाही. दिवसभर दार उघडं होतं आणि ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी मागची खोली रिकामी केली. सगळे तागे खाली आणायला दुपारही लागली नाही.

औषधवाल्यांचा निरोप आलाय, ड्रेस कधी होणार म्हणून.

आत्या


१७ मे

ती. आत्या,

बटणमावशी जिवंत आहे. हे आधी लिहितो.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी निर्मात्याकडे जाऊन सांगितलं, माझं नाव काढा. तो म्हणाला, "काढतो. पण सिनेमा नावावर चालत नाही." खात्याने आणखी प्रती मागवल्यात. मी वर्तमानपत्राला लिहिलं, त्यांनी छापलं नाही. कापून ठेवलेला पहिला शेवट कुठे आहे, विचारलं. जाळला म्हणाले, जागा अडत होती. काल माझ्या खोलीची झडती झाली. काही नेलं नाही, फक्त पुस्तकं जमिनीवर मांडून बघितली. म्हणून हे पत्रही घड्याळवाल्याच्या भावाच्याच हाती पाठवतोय. तो विचारत होता, आत्या माझ्या भावावर रागावल्या आहेत का? काय सांगू त्याला, ते तूच लिही.

बटणमावशी गेल्या आठवड्यात दारात उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. केस कापलेत. एकटीच होती. जेवली, तुझं पत्र वाचलं, माझ्या शर्टाच्या उसवलेल्या बाह्या शिवून दिल्या, आणि दोन रात्री राहून निघून गेली. खालचा चौकीदार तिसऱ्यांदा विचारायला आला होता, पाहुण्या कोणत्या लोकांतल्या? मी म्हटलं, माझी मावशी आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

तिने तुझ्यासाठी लिहून ठेवलंय. मी वाचलेलं नाही. सोबत आहे.

बोरू


कात्री,

बोरूकडे कागद चांगला आहे, म्हणून लिहिते.

तुला वाटत असेल मी दार का वाजवलं नाही. मी तुझं दार पाहिलं. आईला ताग्यांच्या हातगाडीवर बसवून मी मोठ्या रस्त्याने न येता बाजारामागच्या बोळाने निघाले होते. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा तू स्टुलावर बसली होतीस, मान पलीकडे करून. आई म्हणाली, "कात्रीकडेच जायचं ना?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "बसलीय बघ ती." मी गाडी ढकलली.

तू उघडलं असतंस, मला ठाऊक होतं. उघडंच होतं. पण मग मी मागच्या खोलीत बसले असते आणि तू दारात. बाहेर काय होतंय ते मला तुझ्या पाठीवरून कळलं असतं. तुझे हात चौकटीवरून किती वेळ निघत नाहीत, एवढंच बघत बसायचं. त्यापेक्षा चालणं बरं वाटलं. भीती चालतानाही असते, पण तेव्हा पाय आपले असतात.

खाणीच्या जुन्या वाटेने गेलो. वाट अजून आहे. गाडीचं एक चाक सारखं डावीकडे ओढत होतं. मी दिवसभर त्या चाकावर चिडले. दुसरं काही मनात नव्हतं म्हटलं तर खोटं वाटेल तुला. औषधवाल्याच्या लेकीच्या ड्रेसला मी टाचण्या लावून ठेवल्या होत्या, कंबरेत एक आतल्या बाजूने राहिली असेल. तिला टोचू नये म्हणून मध्येच एकदा वाटलं परत जावं. मग वाटलं, टोचू दे.

आई दुसऱ्या दिवशी पुलाच्या अलीकडे गेली. ऊन फार होतं. शेवटपर्यंत ती मला रस्ता सांगत होती, सगळा चुकीचा. दोन मेंढपाळ होते, त्यांनी खणायला मदत केली. त्यांनी विचारलं नाही, आम्ही कोण.

खोलीचं मी मनात ठेवलं नाही, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. ठेवलंय. कमी होईल तेव्हा कळवीन.

ट्रकने नेलेल्यांपैकी कोणाची खबर लागली, तर ती बोरूला पाठव. बेकरीवाल्याच्या समोरच्या घरातली बाळंतीण त्या दिवशी सिनेमाला गेली होती, कारण मीच तिला म्हटलं होतं, जा, बघून ये, घरात बसून कंटाळशील. तिचं आधी बघ. गावात प्रत्येकाची मापं तुझ्याकडे आहेत म्हणतेस ना. तर मग घरोघरी जा आणि विचार, ते ट्रक कुठे गेले. कोणालातरी माहीत असेलच. तू विचारलंस तर दार आपटणार नाहीत. पाणी देतील. पाणी पिऊ नकोस, विचारत राहा.

मी कुठे जातेय ते लिहीत नाही. माझ्या लोकांचं एक घर आहे म्हणतात, तिथवर जाऊन बघते. सुई आहे, कात्री कोणाचीही चालते.

बोरू काल विचारत होता, मावशी, तुझं हे प्रकरण घेऊन दुसरा सिनेमा लिहू का? यात एक शब्द बदलणार नाही म्हणाला. पोरगा मनापासून बोलत होता, डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, लिही, पण आत्ता नको. आधी मला पोचू दे.

बटण